लेथचा कीस : भंगार की घातक कचरा?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्रेक ड्रम लेथवर टर्निंगला (कातायला) लावला आणि निघणाऱ्या किसाला घातक कचरा म्हटलं, की हमखास ऐकू येतं, ‘लोखंडच की ते! त्यात घातक काय असतंय?’ निम्मं खरं आहे. ड्रमचा कोरडा, स्वच्छ कीस, म्हणजे आपलं बोरिंग, हे साधं भंगार. शिरोलीच्या फाउंड्र्या ते वितळवून पुन्हा वापरतात.

घोळ होतो तो तेलाचा. 2016 च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत वापरलेलं तेल आहे, तसेच तेलयुक्त अवशेषही. म्हणजे प्रश्न लोखंडाचा नाही, त्याला काय चिकटलंय याचा आहे. ग्राइंडिंगचा काळा चिखल तर भंगार म्हणवतच नाही. सांडलेलं ऑइल पुसायला बोरिंग टाकलंत (ही सवय बऱ्याच जणांना आहे), तर चांगला माल तुम्हीच बिघडवला. शिवाय ओला माल भट्टीत पडला की धातू उसळतो.

म्हणून कीस जाळीवर निथळू द्या. खाली जमलेलं तेल वेगळ्या पिंपात साठवून अधिकृत रिसायकलरलाच द्या. ते तेल सहसा नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. आणि हो, बॅटरीचं शिसं या हिशेबात धरू नका. तिचे नियम वेगळे.