चित्रकार गेला, आवक थांबली

सरांच्या दहाव्याचे विधी उरकून गोदाघाटावरून परतल्यावर आम्ही काही जण त्यांच्या पंचवटीतल्या घरी टेकलो होतो. सर चित्रकलेचे शिक्षक. पण त्यांची खरी ओळख रविवार सकाळची: मांडीवर फळी, बाजूला पाण्याचा डबा, आणि समोर कधी रामकुंड, कधी नारोशंकराचं देऊळ, कधी सराफ बाजारातला एखादा पडायला आलेला वाडा. एक परिचित गृहस्थ काकूंना म्हणाले, "वहिनी, चित्रं आत्ता कुणाला देऊ नका. चित्रकार गेला की भाव दुप्पट होतो." काकूंनी नुसती मान हलवली. मला त्या वाक्याचा राग आला. राग ओसरल्यावर मात्र प्रश्न राहिला, की हे खरं आहे का? अर्थशास्त्रज्ञांनी तो तपासला आहे, आणि त्यांचं उत्तर त्या गृहस्थांच्या उत्तरापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे.

भाव आवकेवर ठरतो हे नाशिक जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. लासलगावला कांद्याची आवक घटली की लिलावात बोली चढते, ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या की पडते. चित्रकार वारला की त्याच्या चित्रांची आवक कायमची थांबते. पण कांदा खाल्ला जातो किंवा चाळीत सडतो, चित्र उरतं. आज विकलेलं चित्र वीस वर्षांनी पुन्हा बाजारात येतं आणि त्याच चित्रकाराच्या नव्या चित्राला स्पर्धा करतं. घेणाऱ्याच्या मनात म्हणूनच धाकधूक असते: हा माणूस उद्या अशीच आणखी पन्नास चित्रं काढणार असेल, तर मी आज जास्त पैसे का मोजू?

टिकाऊ वस्तूंची ही अडचण रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञानं १९७२ साली मांडली. (पुढे १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामासाठी.) त्यांनी उदाहरण घेतलं जमिनीचं. समजा देशातली सगळी जमीन एकाच माणसाकडे आहे. थोडी चढ्या भावानं विकून झाली की उरलेली कमी भावात काढायचा मोह त्याला होणारच. गिऱ्हाइकं हे ओळखून थांबतात, आणि मक्तेदारी असूनही भाव उतरतो. यातून सुटायचं तर आणखी विकणार नाही असं वचन द्यावं लागतं, तेही मोडता येणार नाही असं. छापाचित्रं काढणारे कलावंत ते देतात. चित्राखाली पेन्सिलीनं ३/२५ असं लिहितात, म्हणजे पंचवीस प्रतींपैकी ही तिसरी, आणि पंचवीस पूर्ण झाल्या की प्लेटवरच ओरखडा मारून ती बाद करतात. मृत्यू म्हणजे त्याच जातीचं, कुणालाही न मोडता येणारं वचन.

मग भाव चढायलाच हवा. पण इथे दुसरी गोष्ट आडवी येते. तरुण चित्रकाराचं चित्र घेणारा माणूस फक्त चित्र घेत नाही, पुढे याचं नाव होईल या आशेचेही पैसे मोजतो. तो चित्रकार अकाली गेला, तर आवक थांबते आणि आशाही संपते.

जर्मनीतले हाइनरिश उर्स्प्रुंग आणि क्रिस्टियान वीरमान यांनी लिलावांतल्या असंख्य विक्रींवर हे ताडून पाहिलं. त्यांचा निबंध २०११ मध्ये आला. एक चित्र दुसऱ्यासारखं नसताना भावांची तुलना करायची कशी? आपण फ्लॅटची करतो तशीच. गंगापूर रोडचे किती, पार्किंगचे किती, वरच्या मजल्याचे किती, हे शेकडो व्यवहार पाहून वेगळं काढता येतं. तसंच आकार, माध्यम, सही, लिलावाचं साल यांचा वाटा बाजूला काढायचा आणि उरलेल्यात मृत्यूचा परिणाम शोधायचा. त्यांना आलेख टेकडीसारखा मिळाला. तरुणपणी गेलेल्यांच्या चित्रांना फायदा नाही, उलट घसरण. नाव झालेलं, हात अजून चालता, अशा वयात गेलेल्यांच्या बाबतीत चढ. आणि फार वृद्धापकाळी गेलेल्यांच्या बाबतीत पुन्हा उतार, कारण आता फार काही नवं येणार नाही हे बाजारानं आधीच धरलेलं असतं.

यावर कुणीही व्हॅन गॉगचं नाव घेईल. तो ३७व्या वर्षी, १८९० मध्ये गेला, आणि त्यानं काढलेलं डॉक्टर गाशेंचं चित्र १९९० मध्ये सव्वाआठ कोटी डॉलरला गेलं. पण मधल्या शंभर वर्षांत काय झालं ते पाहायला हवं. त्याचा भाऊ थिओ सहा महिन्यांतच वारला. मागे राहिली थिओची बायको योहाना, वय २८, कडेवर तान्हं मूल आणि घरात शेकडो चित्रं, ज्यांना तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. तिनं ती प्रदर्शनांना उसनी दिली, थोडी थोडी विकली, १९१४ मध्ये भावाभावांची पत्रं छापली. लंडनच्या नॅशनल गॅलरीला 'सूर्यफुलं' विकली ती १९२४ मध्ये. व्हॅन गॉगचा भाव तिच्या चौतीस वर्षांच्या मेहनतीवर उभा आहे, असंच मी म्हणेन.

आपल्याकडचे वासुदेव गायतोंडे घ्या. ते गेले २००१ मध्ये. मुंबईच्या लिलावात त्यांच्या चित्राला २३.७ कोटी रुपये मिळाले ते २०१३ मध्ये, आणि २०२१ मध्ये आणखी एक चित्र जवळपास ४० कोटींना गेलं. गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत, म्हणजे आवक आधीच बेताची होती. मृत्यूचीच किमया असती तर उडी २००१ लाच दिसायला हवी होती. शिवाय त्या काळात भारतीय चित्रांचा अख्खा बाजारच वर गेला, हेही वजा करावं लागतं.

उलटी गोष्टही घडते. अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ १९६५ मध्ये अपघातात वारले तेव्हा त्यांची ४२५ शिल्पं पडून होती. मागे राहिलेल्या इस्टेटीवर कर आकारायला किंमत लावायची तर कशी? कोर्टानं १९७२ मध्ये मान्य केलं, की ही सगळी एकदम बाजारात आली तर भाव कोसळेल. म्हणून सुट्या किमतींची बेरीज होत होती सुमारे ४३ लाख डॉलर, तिथे २७ लाख धरले. एकाच दिवशी सगळा कांदा लासलगावला आणण्याचा हा प्रकार, आणि वारसांनी घाई केली की तो कुठेही घडू शकतो.

मृत्यूनंतर आणखी एक गोष्ट कायमची जाते: साक्षीदार. 'हे माझंच' असं सांगणारा माणूस उरत नाही. जर्मनीत बेल्ट्राकी नावाच्या नकलाकाराचं बिंग फुटलं ते पांढऱ्या रंगावरून. १९१४ सालच्या म्हणून विकलेल्या चित्रात टायटॅनियम व्हाइट सापडला, आणि तो रंग चित्रकारांच्या हाती आला नंतर. मोठ्या नावांसाठी अशा तपासण्या होतात. नाशिकच्या एका शिक्षकाच्या जलरंगांसाठी कोण करणार? तिथे पुरावा म्हणजे कागदाच्या पाठीवर केलेली नोंद.

कायद्याचंही सांगून ठेवतो. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या ५३अ कलमाप्रमाणे मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हक्क राहतो. मागायचा तर चित्र कोणतं, हे सांगता यायला हवं.

म्हणून पुढच्या रविवारी मी आणि सरांचे दोन विद्यार्थी काकूंकडे गेलो. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतून चित्रं काढली. काहींवर पावसाळ्यातल्या बुरशीचे तपकिरी ठिपके पडले होते. ती वेगळी केली. प्रत्येकाची मापं घेतली, फोटो काढला, पाठीवर मऊ पेन्सिलीनं आकडा घातला. एका चित्रावर ना सही ना तारीख. गढूळ गोदावरी, आणि पाण्यात छातीपर्यंत उभा दुतोंड्या मारुती. काकूंनी कागद उजेडात धरला.

"हे २००८ च्या पुरातलं," त्या म्हणाल्या. "पाणी अजून चढायचं होतं. मी हाक मारत होते, आणि हे म्हणत होते, एवढा मारुती होऊ दे."

मी ते तसंच वहीत लिहून घेतलं. क्रमांक ४१.