मंत्राने विंचू उतरतो तेव्हा मेरुरज्जूत काय घडते?

साताऱ्याच्या पाटण-जावळीकडील डोंगराळ भागात दगड किंवा सरपण हलवताना विंचू चावला, की दवाखान्याआधी विंचू उतरवणाऱ्याची आठवण अजूनही होते. ‘मंत्र घातला आणि ठणका गेला’ असे सांगणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. त्याचा ठणका खरोखरच कमी झालेला असतो, आणि तो का कमी झाला हे समजून घेतल्याखेरीज मंत्राचा दावा खोडून काढता येत नाही.

नांगी लागताच पाय झटकला जातो, ती प्रतिक्षिप्त क्रिया मेरुरज्जूतूनच होते. वेदनेची जाणीव त्यानंतर होते. मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे आवरण असलेले बारीक चेतातंतू वेदनेचा संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने नेतात, तर आवरण नसलेल्या तंतूंचा वेग जेमतेम अर्धा ते दोन मीटर असतो. म्हणून पायाच्या बोटाला आधी टोचल्याची कळ येते आणि जळजळणारा ठणका तिच्यामागून येतो.

मात्र हा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. मेरुरज्जूच्या मागील बाजूच्या करड्या भागात तो पुढच्या चेतापेशीकडे सोपवला जातो आणि त्याची तीव्रता बरीचशी तेथेच ठरते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली या जागेला फाटकाची उपमा दिली: स्पर्शाचे जाड तंतू उत्तेजित झाले की हे फाटक काहीसे मिटते, म्हणून दुखरा भाग चोळल्यावर बरे वाटते. मला त्याहून विलक्षण वाटतो तो मेंदूकडून खाली येणारा मार्ग. मध्यमस्तिष्कातील पेरिअॅक्विडक्टल ग्रे या भागातून निघालेला आदेश मस्तिष्कपुच्छातून मेरुरज्जूत उतरतो आणि तेथे वेदनेचा संदेश पुढे सोपवण्याचे कामच मंदावतो. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या याच भागाला विद्युत उत्तेजन देऊन, भूल न देता, त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली.

या मार्गावर शरीराने स्वतः तयार केलेली, अफूच्या जातीची रसायने काम करतात. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर १९७८ साली झालेल्या प्रयोगात नुसत्या निष्क्रिय औषधाने ज्यांचे दुखणे कमी झाले होते, त्यांना या रसायनांची क्रिया रोखणारे नॅलॉक्सोन देताच ते पुन्हा वाढले. दिलासा आणि विश्वास हाच मार्ग जागा करू शकतात, आणि मंत्र घालणारा नेमके तेवढेच देतो. शिवाय साध्या विंचवाचा ठणका काही तासांत आपोआपही ओसरतो.

विषावर मात्र या आदेशाचा काडीचाही परिणाम होत नाही. लाल विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे संदेश उमटवणारी सूक्ष्म दारे, नीट बंद होऊ देत नाही; त्यामुळे अॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साठू शकते. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो अशाच जिवांसाठी होता.

घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही लक्षणे ठणका कमी असतानाही वाढू शकतात. अशा वेळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलेले प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, कारण आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. ते जितक्या लवकर मिळेल, तितका हृदयावरचा ताण कमी राहतो.