स्क्रिप्टकडून स्क्रिप्टकडे जाताना आर्ग्युमेंट कुठे तुटतं?

लिनक्सवर पहिल्या स्क्रिप्टला (कमांड लिहिलेल्या फाइलीला) 'जुने फोटो' हे फोल्डरचं नाव आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे चालवताना सोबत द्यायचं मूल्य म्हणून, दिलं. तिने आतून दुसरी स्क्रिप्ट चालवली आणि तेच नाव पुढे सरकवलं. दुसरीच्या हाती मात्र दोन नावं पडली: 'जुने' आणि 'फोटो'. दुसरीचं काम फोल्डर उडवण्याचं असेल आणि शेजारीच 'फोटो' नावाचं वेगळं फोल्डर असेल, तर भलतंच फोल्डर गेलं म्हणून समजा.

यात कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, दोष नाही. नवा प्रोग्राम सुरू करणाऱ्या 'एक्झेकव्हीई' या सिस्टिम कॉलला (कर्नेलकडे काम मागण्याच्या हाकेला) आर्ग्युमेंट्सची यादीच मिळते. प्रत्येक आर्ग्युमेंट ही वेगळी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, असते आणि तिच्या शेवटी शून्य बाइट असतो. मधली स्पेस कर्नेलच्या लेखी इतर अक्षरांसारखीच. ही यादी तो नव्या प्रोसेसच्या (चालू झालेल्या प्रोग्रामच्या) स्टॅकवर, म्हणजे तिच्या मेमरीच्या एका भागात, जशीच्या तशी उतरवतो. (एरवी मशीनवरच्या इतर युजरनाही 'पीएस' कमांडने ही यादी दिसते, त्यामुळे पासवर्ड कधीही आर्ग्युमेंट म्हणून देऊ नये.)

तोडफोड होते त्याच्या आधी, शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये. स्क्रिप्टमध्ये $1 म्हणजे तिला मिळालेलं पहिलं आर्ग्युमेंट. डबल कोटशिवाय नुसतं $1 लिहिलं, की बॅश हा शेल तिथे आधी मूल्य भरतो आणि मग ते स्पेस, टॅब, नवी ओळ दिसेल तिथे तोडतो. त्यात * असेल तर त्याजागी जुळणाऱ्या फाइलींची नावंही येतात. "$1" लिहिलं की यातलं काहीच होत नाही. आलेली सगळी आर्ग्युमेंट्स पुढे द्यायची असतील तर "$@" लिहावं: जितकी आली तितकीच, रिकामं आर्ग्युमेंटसुद्धा न गाळता, पुढे जातात. "$*" सगळ्यांची मिळून एकच स्ट्रिंग करतं. कोट काढले तर दोन्हींची सारखीच वाताहत होते. माझ्या मते शेल शिकवताना हा धडा पहिल्याच दिवशी घ्यायला हवा.

विंडोजची तऱ्हा निराळी. तिथे नव्या प्रोसेसला सलग एकच स्ट्रिंग मिळते, जास्तीत जास्त ३२,७६७ अक्षरांची. ती तोडायची कशी, हे त्या त्या प्रोग्रामने ठरवायचं. बरेच प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीचे नियम पाळतात, पण बॅच फाइल (विंडोजची स्क्रिप्ट) चालवणाऱ्या 'सीएमडी'चे नियम वेगळे आहेत. या फटीतून आर्ग्युमेंटच्या वेषात कमांड घुसवता येते. एप्रिल २०२४ मध्ये रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतली अशी त्रुटी जाहीर झाली आणि तिला गंभीरतेचे १० पैकी १० गुण मिळाले. १.७७.२ आवृत्तीपासून बॅच फाइलला द्यायचं आर्ग्युमेंट सुरक्षितपणे लिहिता येत नसेल, तर रस्ट एरर देतं आणि ती फाइल सुरूच करत नाही.