बेअरिंग आतून जाम की घरात धरलेलं? रील दुरुस्त करताना आधी हे ठरवा

खाऱ्या पाण्यात वापरलेली मासेमारीची रील पावसाळाभर तशीच पडून राहिली की तिच्या बेअरिंगला दोन वेगवेगळे रोग होतात. वरून दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र उलटे आहेत.

पहिल्यात बेअरिंग आतून जाम होतं. छर्रे आणि रिंगा यांच्यामध्ये मीठ, बारीक वाळू, सुकून मेणासारखं झालेलं ग्रीस किंवा सरळ गंज बसतो. स्टेनलेस असूनही गंज कसा, हा प्रश्न नेहमी पडतो. छर्रे आणि रिंगांना कडकपणा लागतो म्हणून ४४०सी सारखं पोलाद वापरतात. त्याला चुंबक चिकटतो आणि समुद्राच्या पाण्यात ते गंजतं. सिरॅमिक हायब्रिड बेअरिंगमध्येही छर्रेच तेवढे सिरॅमिकचे, रिंगा पोलादाच्याच.

दुसऱ्यात बेअरिंग आतून ठणठणीत असतं, पण घरातून, म्हणजे ते ज्या खाचेत बसवलेलं असतं तिथून, निघत नाही. पोलादी रिंग आणि अॅल्युमिनियमची बॉडी यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि बाहेरची रिंग घट्ट आवळून धरते.

ओळखायचं कसं? शाफ्ट काढून बेअरिंगची आतली रिंग मोकळी करा. आतल्या रिंगमध्ये निमुळती बांबूची काडी हलकेच अडकवून फिरवा. करकरत फिरली किंवा फिरलीच नाही तर दोष आत आहे. सुरळीत फिरली, पण कडेला पांढरा थर दिसतोय आणि बेअरिंग हलत नाही, तर दोष घरात आहे. लाईन रोलरला, म्हणजे दोरी जिच्यावरून वळते त्या छोट्या चाकीला, पाण्याचा मार सगळ्यात जास्त, त्यामुळे तिथे बऱ्याचदा दोन्ही एकत्र सापडतात. हँडल उलटंही फिरायला लागलं असेल तर मात्र या बेअरिंगांकडे वळूच नका. तो रोलर क्लचचा, म्हणजे अँटी-रिव्हर्सचा प्रश्न आहे. बहुतेक वेळा त्यात ग्रीस शिरलेलं असतं. ते धुवून अगदी पातळ तेलाचा पुसट हात पुरतो.

घरात धरलेल्या बेअरिंगला घाई चालत नाही. कडेने गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ते पूर्ण पुसून, वाळवून मगच उष्णता द्या, कारण त्याची वाफ पेट घेते. साईडप्लेटवरचे, म्हणजे रीलच्या बाजूच्या झाकणावरचे, प्लास्टिकचे भाग आणि ड्रॅगचे (दोरीला ब्रेक लावणारे) वॉशर आधी उतरवा, मग हेअर ड्रायरने हात लावता येणार नाही इतकी तापवा. अॅल्युमिनियम पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. ११ मिमीच्या घरात ६० अंशांच्या वाढीने जेमतेम ०.००९ मिमी फट मिळते, पण घट्ट बसलेल्या रिंगला तेवढी बहुधा पुरते. प्लेट गरम असतानाच लाकडावर आपटा किंवा मागून भोक असेल तर ढकला. ढकलताना जोर बाहेरच्या रिंगवरच हवा. आतल्या रिंगवर ठोकलं की छर्रे चाकोरीत खळगे पाडतात आणि चांगलं बेअरिंग कायमचं खरखरतं. ग्राफाईटच्या, म्हणजे कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकच्या, बॉडीला हीट गन किंवा लायटर कधीही लावू नका, घर वाकडं होतं.

मागून बंद असलेल्या घरात छर्रे न दुखावता बेअरिंग काढायला आतून पकडणारा छोटा पुलर लागतो. तोही आतल्या रिंगलाच ओढतो, म्हणून आधी उष्णता, मग हलका ताण, हा क्रम पाळा.

आतून जाम झालेल्या बेअरिंगचा हिशोब वेगळा. दोष नुसता सुकलेल्या ग्रीसचा असेल तर ते वाचतं. शील्ड, म्हणजे बेअरिंगच्या तोंडावरची पातळ चकती, सी आकाराच्या तारेने धरलेली असेल तर तार सुईने काढून ती उतरवा, रॉकेलमध्ये भिजवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळबळून वाळवा. तपकिरी पाणी निघालं आणि सुकल्यावरही करकर राहिली तर ते टाकून द्या. टाकायचं असेल तर आतल्या रिंगला धरून ओढायला हरकत नाही, आता जपायचं ते घर. धोका एकच, फार गंजलेलं बेअरिंग फुटतं आणि बाहेरची रिंग आतच राहते. तेव्हा स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. पुन्हा तेल, पुन्हा उष्णता, आणि बारीक हुकने समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने सरकवा. जाम बेअरिंग तसंच वापरत राहिलात तर बाहेरची रिंग घरात फिरून ते मोठं करते, मग नवंही सैल बसतं.

नवं घेताना व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी या क्रमाने मापा. ३×१०×४, ५×११×४ आणि ७×११×३ ही नेहमीची मापं. लाईन रोलर आणि हँडल नॉबला बऱ्याच रीलमध्ये ४×७×२.५ लागतं. रबर सीलचं, म्हणजे टूआरएस, लाईन रोलरला चांगलं, बेटकास्टर रीलच्या स्पूलला, म्हणजे दोरी गुंडाळायच्या फिरत्या चाकाला, नको. सीलच्या घर्षणाने फेक कमी होते.

बसवण्याआधी घरातली पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने काढा. सँडपेपर लावलात तर घर सैल होईल. मागे ०.०५ किंवा ०.१ मिमीचे शिम, म्हणजे अगदी पातळ चकत्या, असतील तर त्यांचा क्रम फोटो काढून ठेवा. बाहेरच्या रिंगवर मरीन ग्रीसचा पातळ थर द्या, पुढच्या वेळी ते निघेल यासाठी हा थर सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरच्या रिंगपेक्षा किंचित लहान सॉकेटने सरळ दाबा. आतमध्ये स्पूलच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब, गिअर आणि पिनियनच्या (छोट्या गिअरच्या) बेअरिंगला ग्रीस.