फ्रँक ब्रुनोचा ठोसा आणि चौदा मिलिसेकंद

डिसेंबर १९८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा शोधनिबंध छापून आला. विषय होता एका माणसाचा ठोसा. तो माणूस म्हणजे लंडनचा हेवीवेट, म्हणजे जड वजनगटातला मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनो, वय २४, जागतिक क्रमवारीत नाव असलेला. संशोधकांनी दोलकासारखं टांगलेलं, वरून गादी लावलेलं वजन त्याच्यापुढे ठेवलं, त्यात मापनयंत्रं बसवली आणि त्यावर त्याला ठोसे मारायला लावले.

आकडे असे आले. हात हलायला लागल्यापासून ०.१ सेकंदाच्या आत मूठ ४९ सेंटिमीटर पुढे गेली. आदळताना तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर होता, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर. स्पर्श झाल्यापासून १४ मिलिसेकंदांत बल ४०९६ न्यूटनपर्यंत चढलं. हे जवळपास ४०० किलोच्या भाराइतकं झालं. खऱ्या डोक्यावर हाच ठोसा बसला तर बल ६३२० न्यूटनपर्यंत जाऊ शकेल, असा अंदाज त्यांनी मांडला. लक्ष्याला मिळालेलं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ५३ पट होतं. तुलनेसाठी त्यांनी उदाहरण दिलं ते गादी गुंडाळलेल्या ६ किलोच्या लाकडी हातोड्याचं, ताशी ३२ किलोमीटरने फिरवलेल्या.

यात वेगाचा आकडा मुळीच थक्क करणारा नाही. गल्लीतली स्कूटरही तेवढी पळते. थक्क करतात ते ६ किलो. एवढ्या धिप्पाड माणसाची मूठ आणि वर २८३ ग्रॅमचा, म्हणजे १० औंसांचा ग्लोव्ह मिळून जेमतेम एक किलो भरतं. मग उरलेलं वजन आलं कुठून?

ते पायांतून आणि धडातून येतं. उजवा ठोसा मारताना आधी मागच्या पायाचा चवडा जमीन रेटतो, टाच सुटून बाहेर वळते, मग कंबर फिरते, कंबरेमागून धड, धडामागून खांदा, आणि कोपर उघडतं ते सगळ्यात शेवटी. मूठ वाटेत सैल असते. ती आवळायची आदळण्याच्या ऐन क्षणी, कारण त्या क्षणी मनगट, कोपर आणि खांदा ताठ एका रेषेत असतील तरच मागचं वस्तुमान ठोशाला जोडलं जातं. सोव्हिएत संशोधकांनी १९८५ मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या ठोशाची फोड केली होती. मुरलेल्या खेळाडूंच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या फिरण्याचा ३७ टक्के आणि हाताचा २४ टक्के निघाला. नवख्यांमध्ये पायांचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास घसरला आणि हाताचा ३८ टक्क्यांवर गेला. नवख्याची चूक नेहमी तीच असते: टाच जमिनीला चिकटलेली आणि कोपर कंबरेच्या आधी उघडलेलं. असा ठोसा डोळ्यांना जलद दिसतो, पण त्यात माणूस नसतो, नुसता हात असतो.

२००५ मध्ये सात ऑलिंपिक मुष्टियोद्ध्यांचे ठोसे अपघात-चाचणीच्या पुतळ्याच्या जबड्यावर मोजले गेले. हलक्या फ्लायवेट गटापासून सर्वांत जड सुपर हेवीवेटपर्यंतच्या या खेळाडूंचा सरासरी वेग सेकंदाला ९.१४ मीटर भरला, म्हणजे ब्रुनोच्या बरोबरीचाच. बल मात्र सरासरी ३४२७ न्यूटन आणि ठोशामागे प्रत्यक्ष जोडलं गेलेलं वस्तुमान २.९ किलो. दोन्हीकडे मोजण्याची पद्धत वेगळी होती, म्हणून हे आकडे जपूनच शेजारी ठेवावेत. तरी हेवीवेटचं मर्म त्यांतून कळतं: मूठ सगळ्यांचीच साधारण त्याच वेगाने येते, मागे माणूस किती जोडला आहे यात फरक असतो.

एवढं वजन २७ छोट्या हाडांच्या हातातून पार करायचं असतं. तर्जनी आणि मध्यमेचे सांधे मनगटाच्या सरळ रेषेत येतात, त्यांच्यावर ठोसा बसला तर भार थेट पुढच्या हातात उतरतो. करंगळीकडे बसला तर करंगळीमागच्या तळहाताच्या हाडाची मान मोडते. यासाठीच ग्लोव्हच्या आत हाताला साडेचार मीटरची कापडी पट्टी. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, बोटं फाकवून सांध्यांवर तीन वेढे, मग बोटांच्या फटींतून पट्टी काढून पुन्हा मनगटावर बंद. बोटं न फाकवता बांधली की मूठ वळताच पट्टी आवळते, मुंग्या येतात आणि तिसऱ्या फेरीपर्यंत पकड जाते.

आता ठोसा खाणाऱ्याकडे पाहू. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात आणि ठोसा ०.१ सेकंदात पोचतो. म्हणजे मूठ पाहून चुकवणं शक्यच नाही. जाणता खेळाडू समोरच्याचा खांदा, कंबर आणि पुढचा पाय वाचतो. ठोसा निघण्याआधी तिथे काहीतरी हलतं.

वाचता आलं नाही, तर हनुवटी. दार बिजागरीपाशी ढकलून पाहा, मग कडेला. कडेला बोटभर जोर पुरतो. डोकं मानेवर फिरतं, आणि हनुवटी ही त्याची कड. आडव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, डोकं गर्रकन वळतं, पण आतला मेंदू मागे राहतो. घट्ट लागलेल्या दह्याचं भांडं झटक्याने फिरवलं की भांडं फिरतं आणि दही मागे रेंगाळतं, तसं. या मागे रेंगाळण्यात चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं. हा तोल सावरायला पेशींना भरपूर ग्लुकोज लागतं, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. मेंदूच्या देठातलं, आपल्याला जागं ठेवणारं जाळं क्षणभर विस्कळीत झालं की पाय आधी जातात. माणूस पंचाने दहा अंक मोजायच्या आत उभा राहिला तरी पेशींमधला हा हिशेब जुळायला कित्येक दिवस लागतात. त्या काळात बसलेला दुसरा ठोसा पहिल्यापेक्षा हलका असला तरी जास्त नुकसान करतो. म्हणूनच डोकं गरगरलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा सरावाच्या लढतीत उतरवणं हा गुन्हा समजला पाहिजे. हेडगार्ड घातलंय ना, हे उत्तर चालत नाही. हेडगार्डने भुवई फाटणं कमी होतं, डोक्याचं वळणं फारसं थांबत नाही.

ब्रुनोने व्यावसायिक कारकिर्दीत ४५ लढती केल्या. ४० जिंकल्या आणि त्यांतल्या ३८ वेळेआधी संपवल्या. हरलेल्या पाचही लढतींत तोच वेळेआधी थांबला. त्यांतल्या सुरुवातीच्या दोन नीट पाहण्यासारख्या आहेत. मे १९८४ मध्ये ‘बोनक्रशर’ जेम्स स्मिथविरुद्ध तो पुढे होता आणि दहाव्या फेरीत कोसळला. जुलै १९८६ मध्ये टिम विदरस्पूनविरुद्ध विश्वविजेतेपदासाठी खेळताना अकराव्या फेरीत संपला.

स्नायूंतली तयार ऊर्जा, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, पूर्ण जोर लावला तर दहाएक सेकंद पुरते. विश्रांतीत ती भरून येते, साधारण अर्ध्या मिनिटात निम्मी. तीन मिनिटांची फेरी आणि एका मिनिटाची विश्रांती या हिशेबात, स्नायू ताजे असतील तर तीन चतुर्थांश साठा परत मिळतो. पण स्नायूंत आम्लता वाढली की भरण्याचा वेग मंदावतो आणि दर फेरीला थोडी उधारी पुढे सरकते. शंभर किलोंवरच्या पिळदार शरीराला प्राणवायूही जास्त लागतो आणि उष्णताही जास्त बाहेर टाकावी लागते. थकवा आधी पायांत येतो. पाय थकले की ठोशातले ३८ टक्के पहिल्यांदा गळतात. त्याच वेळी गालाजवळचा ग्लोव्ह चार बोटं खाली येतो. दहाव्या-अकराव्या फेरीतले हे पराभव नुसत्या थकव्याने झाले असं म्हणणं अन्यायाचं होईल, समोरची माणसंही तगडी होती. पण ज्या ठोशाला आदल्या फेऱ्यांत खांदा आडवा गेला असता, तो आता हनुवटीवर येतो.

फेब्रुवारी १९८९ मध्ये माइक टायसनने पहिल्या काही सेकंदांतच त्याला खाली पाडलं. ब्रुनो उठला आणि त्याच फेरीच्या शेवटाकडे त्याच्या डाव्या हुकने टायसन डगमगला. पाठोपाठचे ठोसे मात्र जुळून आले नाहीत, आणि पाचव्या फेरीत लढत थांबवली गेली. १९९३ मध्ये कार्डिफला लेनॉक्स लुईसने सातव्या फेरीत त्याला रोखलं.

मग २ सप्टेंबर १९९५, वेम्बली, समोर ऑलिव्हर मॅकॉल. आम्हाला ब्रुनोची ही सर्वात शहाणी लढत वाटते. सुरुवातीपासून त्याने डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे सरळ झटपट ठोशावर, भर दिला. जॅबला कंबर पूर्ण फिरवावी लागत नाही, तो स्वस्त पडतो आणि समोरच्याला हातभर लांब ठेवतो. शेवटच्या फेऱ्यांत मॅकॉल चवताळून आला तेव्हा ब्रुनोने त्याला मिठी घातली, पुन्हा पुन्हा. प्रेक्षकांना हे आवडत नाही. पण मिठीचे पाच-सात सेकंद म्हणजे थोडं क्रिएटिन फॉस्फेट, दोन पूर्ण श्वास आणि हूक फिरवायला जागाच न मिळालेला प्रतिस्पर्धी. बारा फेऱ्या पूर्ण झाल्या आणि चौथ्या प्रयत्नात, गुणांवर, तो डब्ल्यूबीसीचा, म्हणजे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा विश्वविजेता झाला. १९८२ मध्ये दुक कू किम या कोरियन खेळाडूचा लढतीनंतर मृत्यू झाल्यावर डब्ल्यूबीसीने पंधराच्या बारा फेऱ्या केल्या होत्या. मॅकॉलला आणखी तीन फेऱ्या मिळाल्या असत्या तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न मनात येतोच.

मार्च १९९६ मध्ये टायसनने तिसऱ्या फेरीत ते पद घेतलं आणि त्यानंतर ब्रुनोची कारकीर्द थांबली ती डोळ्यामुळे. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच लघुदृष्टीमुळे परवान्याची अडचण आल्यावर त्याने कोलंबियातल्या बोगोटाला जाऊन डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. लघुदृष्टीत नेत्रगोल लांबट असतो आणि आतला दृष्टिपटल ताणून पातळ झालेला असतो. ठोशाने नेत्रगोल पुढून मागे दबतो आणि मधल्या घेरात फुगतो. आतला जेलीसारखा द्रव कडेला दृष्टिपटलाला घट्ट चिकटलेला असतो, तो ओढ देतो आणि पटल फाटतं. त्या चिरेतून पाणी मागे शिरलं की भिंतीवरचा कागद ओल लागून सुटावा तसं पटल सुटत जातं. पुढे खेळलास तर दृष्टी जाईल, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ब्रुनो ३४ व्या वर्षी निवृत्त झाला.

तालमीतल्या प्रत्येक पोराला ही लक्षणं पाठ हवीत: डोळ्यापुढे अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेला विजेसारखी चमक, किंवा एका बाजूने खाली उतरणारा पडदा. दुखत काहीच नाही, म्हणून पोरं आठवडाभर अंगावर काढतात. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे गेलं तर नुसती चीर लेसरने दहा-पंधरा मिनिटांत बंद होते. पटल मधोमध सुटल्यावर शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पूर्वीची नजर सहसा पूर्ण परत येत नाही.