सोलर पॅनेलचे वॅट आणि पॅनेलची कार्यक्षमता

सोलर पॅनेलच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळक दिसतात: समजा, 400 वॅट आणि 20 टक्के. पुष्कळांना वाटतं की टक्के जास्त म्हणजे वीज जास्त. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

वॅटचा आकडा सांगतो, ठरवून दिलेल्या परिस्थितीत पॅनेल जास्तीत जास्त किती वीज देतं. ही परिस्थिती जगभर एकच धरली जाते: दर चौरस मीटरवर 1000 वॅट प्रकाश, सेलचं (पॅनेलमधल्या वीज तयार करणाऱ्या छोट्या तुकड्याचं) तापमान 25 अंश सेल्सिअस आणि प्रकाशाचा वर्णपटही ठरलेला. कारखान्यात पॅनेलवर काही मिलिसेकंदांचा प्रखर फ्लॅश पाडतात. तेवढ्यात व्होल्टेज बदलत नेऊन करंट मोजतात आणि दोहोंचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा येतो, ते पॅनेलचे वॅट. फ्लॅश इतका थोडा वेळ, कारण सेल तापला तर मोजमापच बिघडेल.

कार्यक्षमता यातूनच भागाकार करून निघते. 2 चौरस मीटरच्या पॅनेलवर 2000 वॅट प्रकाश पडला आणि 400 वॅट वीज मिळाली, म्हणजे 20 टक्के. आता अडीच चौरस मीटरचं 400 वॅटचंच पॅनेल घ्या. त्याची कार्यक्षमता 16 टक्के भरते, तरी सारख्याच उन्हात दोन्हींची वीज जवळपास सारखी. फरक पडतो तो जागेत. छत लहान असेल तर टक्के जरूर बघा. जागा मुबलक असेल तर त्या 4 टक्क्यांसाठी जादा पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. आणि टक्के सेलचे आहेत की अख्ख्या पॅनेलचे, तेही विचारा. फ्रेम आणि सेलमधल्या फटी हिशेबात आल्या की आकडा उतरतो.

छपरावर मात्र 25 अंशांचा सेल क्वचितच सापडतो. कडक उन्हात तो 60 अंशांवरही जातो आणि सिलिकॉनच्या पॅनेलची वीज दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. 0.35 धरून हिशेब केला तर 35 अंशांच्या वाढीला सुमारे 12 टक्के घट, म्हणजे 400 वॅटचे उरतात 350. हे 12 टक्के 20 मधून सरळ वजा करू नका. कार्यक्षमता 20 वरून साडेसतराच्या आसपास येते. त्यामुळे भर दुपारी 350 वॅट दिसले तर पॅनेल बिघडलंय असं समजू नका. उलट, विकत घेतानाच माहितीपत्रकातला तापमान गुणांक, म्हणजे दर अंशामागच्या घटीचा हा आकडा, वाचा. तो शून्याच्या जितका जवळ, तितकं ते पॅनेल उन्हात कमी ढासळतं.