हलणारी चांदणी

परभणीकडच्या आमच्या शेतात रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी चालू होतं. मामा म्हणाले, "ती चांदणी बघ, हलायलीय." आखाड्यापुढच्या बाजेवर आडवं होऊन मी बघितलं. खरंच सरकत होती! पण मामांना ती डावीकडं जाताना दिसत होती, मला वर. दोघांना दोन दिशा, म्हणजे गडबड आभाळात नव्हती. १७९९ साली अटलांटिक महासागरातल्या टेनेरिफ बेटावर जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनाही तारे असेच डुलताना दिसले होते आणि त्यांना ते खरंच वाटलं.

आपण 'एकटक बघतो' म्हणतो, पण तसं कुणालाच जमत नाही. नजर रोखलेली असतानाही डोळा बारीक थरथरतो, हळूहळू घसरतो आणि सेकंदाला एक-दोनदा इवलीशी उडी मारतो. डोळ्याचा सगळ्यात तीक्ष्ण भाग फार छोटा, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढंच त्यात मावतं. नजर घसरली, की या उड्या तिला पुन्हा जागेवर आणायला मदत करतात.

मग डोळा स्थिर राहिला तर बरं नाही का? उलट, काहीच दिसणार नाही. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येईनाशी होते, तसं दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यातल्या पेशींचं आहे. त्यांना बदल कळतो, तेच ते कळत नाही. १९५०च्या दशकात संशोधकांनी डोळ्यावर भिंग बसवून चित्र डोळ्याबरोबरच हलेल अशी सोय केली. काही सेकंदांत चित्र विरून गेलं. पुरावा तर प्रत्येकाच्या डोळ्यातच आहे. दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची सावली कायम पडलेली असते, पण ती डोळ्याबरोबरच फिरते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

या उड्या आंधळ्याही नसतात. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर लोकांना सुईत दोरा ओवायला लावला. नजर दोऱ्याच्या टोकावरून सुईच्या नेढ्याकडं आणि परत, अशा बारीक उड्या नेमक्या मारत होती. वाकळ शिवताना आजी श्वास रोखून बसायची, तेव्हा तिचे डोळे हेच करत असणार.

आमच्या चांदणीभोवती नुसता काळोख होता. आधाराला खूणच नसली, की डोळ्याचं भरकटणं ठिपक्याच्या नावावर जमा होतं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मामांनी बॅटरी लावली. बाभळीची फांदी उजळली आणि चांदणी तिच्या शेंड्याजवळ गप उभी राहिली.